दोनशे पानी वही : नोकरी, शेती, घर सांभाळून कादंबरी पूर्ण कशी करावी

अर्धी कादंबरी ट्रंकेत ठेवलेला माणूस आमच्या सीमाभागात गावोगाव भेटतो. कुणी निपाणीच्या तंबाखू वखारीत हिशेब लिहायचा, कुणी खानापूरकडे प्राथमिक शिक्षक, कुणी बेळगावच्या शहापूर-वडगावात मागावर बसणारा. गावच्या साहित्य संमेलनात मांडवामागं चहा घेताना तो हळूच सांगतो, "ऐंशी पानं झालीत. पुढं हलंना."

माझी ऐंशी पानं दोनदा अडकली. तिसऱ्या खेपेला कादंबरी पूर्ण झाली, त्याला चौदा महिने लागले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या स्टोअरची नोकरी, खानापूर तालुक्यातलं घर, रोजची बस, दोन एकर भात हे सगळं आधीसारखंच होतं. फक्त कामाची मांडणी बदलली होती. तीच इथं क्रमानं सांगतो. माझ्यासारखं तुमचंही गाडं रुतलं असेल, तर यातलं काही ना काही उपयोगी पडेल याची मला खात्री आहे.

आधी हिशेब

पहिलं काम लिहिण्याचं नाही, मोजण्याचं. मध्यम आकाराची मराठी कादंबरी साधारण ५० ते ६० हजार शब्दांची असते. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या छापील पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे दोनशेच्या आसपास पानं. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. तिथं किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात जा, आवडती कादंबरी काढा, एका पानावरच्या ओळी मोजा, तीन-चार ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा आणि गुणाकार करा. एक दुपार पुरते.

मग स्वतःचं पान मोजा. माझ्या अक्षरात फुलस्केप वहीच्या पानावर २८ ओळी बसतात आणि ओळीत नऊ-दहा शब्द. म्हणजे पानाला अडीचशे ते दोनशे ऐंशी. दोनशे पानी वही भरली की पन्नास ते छप्पन हजार शब्द होतात. हा गुणाकार मी बसमध्ये तिकिटाच्या मागं केला होता आणि नंतर कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं जिची धास्ती होती, ती कादंबरी म्हणजे दुकानातून विकत आणता येणारी एक वही निघाली. त्याच संध्याकाळी वही आणली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १ ते २०० आकडे घालून ठेवले. तुम्हीही तेवढं करा. कोरी असली तरी आकडे घातलेली वही 'पुढचं पान कुठलं' हे रोज सांगत राहते.

मोठं ध्येय, पण आपल्या पंचांगाप्रमाणे

मोठं ध्येय ठेवायला घाबरू नका. अमेरिकेत १९९९ साली एकवीस जणांनी महिनाभरात कादंबरी लिहायचं ठरवलं. त्यातूनच पुढं नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहिण्याचा उपक्रम जगभर पसरला आणि लाखो लोक त्यात उतरले. रोजचा हिशेब १,६६७ शब्दांचा, म्हणजे माझी सहा पानं. हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेनं २०२५ मध्ये आपलं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण 'ठरलेल्या मुदतीत, ठरलेले शब्द' ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. ती आपण उचलावी. नोव्हेंबर मात्र उचलू नये. नोव्हेंबरात आपल्याकडे भाताची सुगी असते. कापणी, मळणी, रास घरात येईपर्यंत माणूस संध्याकाळी जेवून बसल्या जागी झोपतो. मी एकदा हट्टानं नोव्हेंबरात सुरुवात केली होती आणि नवव्या दिवशी वही मिटली.

म्हणून वर्षच वेगळ्या पद्धतीनं मांडा. ३६५ दिवसांतले १६५ दिवस आधीच सोडून द्या. रोप लावणी, गणपती, सुगी, लग्नसराई, यल्लम्माची यात्रा, घरातलं आजारपण, पाहुणे, सगळं त्यात येऊ दे. उरतात २०० दिवस. दोनशे दिवसांना दोनशे पानं, दिवसाला एक पान. सुट्ट्या आधीच मंजूर असल्या की गणपतीच्या दिवसांत आरतीला उभं राहिल्यावर मनात वही टोचत नाही. पुष्कळ कादंबऱ्या आळसानं मरत नाहीत, या टोचणीनं मरतात.

आता त्या दोनशे दिवसांत एक जाड महिना, म्हणजे लिहायला जास्त वेळ मिळणारा महिना शोधा. माझा श्रावण आहे. रोप लावणी उरकलेली असते, गणपती अजून यायचे असतात, जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस दारातून पाय बाहेर काढू देत नाही. गेल्या वेळी श्रावणातल्या पंचवीस दिवसांत माझी साठ पानं झाली. ऊस असलेल्या चिकोडी-निपाणीकडच्या माणसाचा जाड महिना वेगळा असेल, शिक्षकाचा मे महिना असेल, बेळगावात दुकान असलेल्याचा दिवाळीनंतरचा असेल. जाड महिन्यात रोज दोन-तीन पानांचं ध्येय ठेवा, बाकी महिन्यांत एकच पान, आणि कामाच्या रेट्यात फक्त तीन ओळी. हे तिन्ही आकडे वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे रोज स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही.

रोजची बैठक

माझी वेळ पहाटे पाच दहा ते पाच पन्नास. त्यानंतर धारा, आंघोळ, बस. तुमची रात्रीची असेल, दुपारच्या सुट्टीतली असेल. वेळ कुठलीही चालते, पण ती घरातल्या माणसांना सांगून ठेवायला हवी. "चाळीस मिनिटं मला हाक मारू नका" हे तोंडानं सांगायला मला फार दिवस लाज वाटली. सांगितल्यावर कुणालाच अडचण झाली नाही.

बैठक मोडताना प्रसंग पूर्ण करू नका. पात्र दाराशी पोचलंय, कडी वाजवलीय, तिथंच थांबा, आणि समासात एक ओळ लिहा : 'उद्या – दार कोण उघडतं?' दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायची वेळ येत नाही. आदल्या दिवसाची शेवटची अर्धी ओळ पुन्हा लिहायची आणि तिच्यामागून चालू लागायचं.

मग नोंद. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बायको दुधाचा हिशेब लिहिते. मी त्याच चौकोनात खाली लाल पेनानं पानांचा आकडा घालतो. वर 'दूध २ लि.', खाली '१' किंवा 'श्रावण, ३' किंवा नुसतं '३ ओ.', म्हणजे तीन ओळी. मोबाइलमध्ये यासाठी कितीतरी ॲप मिळतात, पण भिंतीवरचा आकडा सगळं घर बघतं. मुलगी शाळेला जाताना विचारते, "काल किती?" त्या प्रश्नानं मला जेवढं उठवलंय तेवढं गजरानंही उठवलेलं नाही.

एक नियम मात्र फार महत्त्वाचा आहे : थकबाकी ठेवायची नाही. काल पान झालं नाही म्हणून आज दोन, परवाचं धरून तीन, असं करू नका. सोसायटीचं कर्ज थकलं की माणूस सोसायटीच्या दारावरून जायचं टाळतो, वळसा घालून बाजाराला जातो. वहीचंही तसंच होतं. पाच पानं थकली की तुम्ही ती वही ठेवलेल्या खोलीतच जात नाही. आज एकच पान. कालचं माफ. १६५ दिवस त्यासाठीच बाजूला काढलेत.

मनाची तयारी झाल्यावर बसू म्हणणाऱ्यांना मी निपाणीच्या महादेव मोऱ्यांची आठवण देतो. पिठाची गिरणी चालवत त्यांनी वर्षानुवर्षं कथा-कादंबऱ्या लिहिल्या. पट्टा फिरत असताना, दारात डबे घेऊन लोक उभे असताना, लिहिण्यासाठी निवांतपणा कुठून मिळणार होता? तरी त्यांनी आपल्या भागातली माणसं कागदावर उभी केली.

विषय एका घरात मावेल एवढा

आमच्याकडच्या अर्ध्या राहिलेल्या कादंबऱ्यांचं एक खास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, मग सीमावादावरचा १९६६ चा महाजन आयोग, मोर्चे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, सगळं एकाच पुस्तकात आलं पाहिजे असं आपल्याला वाटतं. वाटणं साहजिक आहे, घराघरात ते दुखणं आहे. पण तिसऱ्या प्रकरणात पात्रं भाषण करायला लागतात, तारखा तपासता तपासता महिना जातो, आणि लिहिणाऱ्यालाच आपलं पुस्तक ओझं वाटू लागतं. माझी पहिली कादंबरी इथंच बसली.

त्यावर मी केलं ते असं. एक घर घेतलं, एक वर्ष घेतलं, आणि एक प्रश्न घेतला : थोरली मुलगी पुढं कुठल्या माध्यमात शिकणार. बाप मराठी शाळेत शिकलेला, आई कन्नड माहेरची, आजोबा मोर्चात मार खाल्लेले. सगळा सीमाप्रश्न त्या एका ताटाभोवती येऊन बसला, मला त्याला बोलवायला जावं लागलं नाही. तुमचा प्रश्न वेगळा असेल, पण तो एका वाक्यात, घरातल्या माणसाला कळेल असा लिहिता आला पाहिजे. पहिल्या पानावर तो लिहा. वाट चुकली असं वाटलं की तिथं परत या.

भाषेचं पान

यावर जरा थांबतो, कारण माझा सगळ्यात मोठा तोटा इथं झाला. दुसऱ्या कादंबरीची सत्तर पानं मी एका जाणत्या माणसाला दाखवली. त्यांनी पानांवर लाल खुणा केल्या आणि म्हणाले, भाषा शुद्ध नाही. पात्रं 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' असं बोलत होती. 'पण'च्या जागी 'खरं' म्हणत होती : "येतो, खरं उशीर होईल." घरी गेल्यावर मी पात्रांना पुण्याचं मराठी शिकवायला बसलो. चार महिने गेले. आजोबा 'मी येईन, परंतु विलंब होईल' असं काहीसं बोलायला लागले आणि त्या दिवशी ते माझ्यासाठी मेले. वही पुढं गेली नाही.

आपल्या बोलीवर कन्नडची सावली आहे, 'मी काम केलो' ही त्याच सावलीतली रचना. ती चूक नाही, ते इथल्या माणसाचं बोलणं आहे. तेव्हा लिहायला बसण्याआधीच एक पान भाषेसाठी राखून ठेवा आणि निर्णय करून टाका. माझे निर्णय असे होते. निवेदन प्रमाण मराठीत. संवाद ज्याच्या-त्याच्या तोंडचे : आजी, बापू, शेजारचे गौडर, कॉलेजला जाणारी पोर, सगळ्यांची धाटणी वेगळी. कन्नड वाक्य आलं तर ते देवनागरीत जसंच्या तसं, आणि अर्थ पुढच्या बोलण्यातून कळला पाहिजे. उदाहरणार्थ :

"ऊटा आतेन्री?" गौडरांच्या बायकोनं कुंपणावरून विचारलं.

"झालं की आत्ताच. तुमचं?" आई म्हणाली.

दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि दोघींना सगळं कळतं, हे इथं रोज घडतं. कंसात अर्थ द्यायची गरज पडली नाही. एकाच शब्दाचं लेखन पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी होऊ नये म्हणून त्याच पानावर शब्दांची यादीही वाढवत न्या : 'आक्का' की 'अक्का', 'व्हय' की 'होय'. पहिला खर्डा संपेपर्यंत हे निर्णय बदलायचे नाहीत, आणि तोपर्यंत शुद्धलेखन तपासणाऱ्याला वही दाखवायची नाही.

ऐंशी ते एकशे वीस : मधलं रान

बहुतेक वह्या या पानांत थांबतात. कारण सरळ आहे. सुरुवातीचे प्रसंग आपण वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरलेले असतो, ते ऐंशी पानांत संपतात. शेवटही अंधुक माहीत असतो. मधलं मात्र कधी बघितलेलंच नसतं. तिथं पोचलं की वाटतं, आपल्यातलं लिहिणं आटलं. आटलेलं नसतं. इथून पुढं आठवणीवर भागत नाही, प्रसंग घडवावे लागतात, आणि ते काम वेगळं आहे.

पहिला उपाय : शेवटचा प्रसंग आताच लिहा. वहीच्या मागच्या बाजूनं, पान १९० पासून. चांगला नाही झाला तरी चालेल. समोरचा काठ दिसला की पोहणाऱ्याचा हात चालतो.

दुसरा, आणि माझ्यासाठी सगळ्यात खात्रीचा : चिठ्ठ्या. वहीच्या कागदाचे दहा तुकडे फाडा आणि प्रत्येकावर एका पात्राची एकच बारीक, डोळ्याला दिसणारी गोष्ट लिहा. कारण लिहू नका. माझी एक चिठ्ठी अशी होती : 'आत्या वखारीतून उशिरा येते. सकाळी पायात नवी चप्पल होती, आता अनवाणी.' मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती चिठ्ठी उचलली आणि आत्याच्या पायांवरून सुरुवात केली : तंबाखूच्या भुकटीनं टाचेच्या भेगा पिवळ्या झालेल्या, डाव्या अंगठ्याला खरचटलेलं. आजी पाणी ओतते, काही विचारत नाही. मग कळलं की चप्पल तिनं वखारीतल्या दुसऱ्या बाईला दिली, त्या बाईला दवाखान्यात जायचं होतं. तो दवाखाना, ती बाई, तिचं न मिळालेलं मजुरीचं बिल, असं करत चौदा पानं झाली. दहातल्या सहा चिठ्ठ्या फुकट गेल्या. चार पुरल्या.

तिसरा उपाय : अडलेला प्रसंग ओलांडा. चौकट काढून आत लिहा, 'इथं बापू आणि गौडर यांचं भांडण, बांधावरून', आणि पुढच्या सकाळपासून लिहा. माझ्या पहिल्या खर्ड्यात अशा अकरा चौकटी होत्या. दुसऱ्या खर्ड्यात चार प्रसंगांची गरजच उरली नव्हती.

आणि मागं जाऊन पहिलं प्रकरण सुधारत बसू नका. सुधारताना काम केल्याचं समाधान मिळतं, कॅलेंडरवर मात्र आकडा चढत नाही.

वाट बघणारं एक माणूस

टीकाकार नको, वाट बघणारं माणूस हवं. माझी निपाणीची चुलत बहीण, वयानं सहा वर्षांनी मोठी. दर शनिवारी आठवड्याच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर तिला पाठवायचे असं ठरलं. तिला एकच विनंती केली होती : चूक काढू नकोस, कुठं कंटाळा आला आणि पुढं काय होईल असं वाटतं तेवढंच सांग.

एका शनिवारी रात्री तिचा फोन आला. "काय रे, शनिवार सरत आला की. पानं कुठं?"

"आक्का, या आठवड्यात जमलं नाही बघ."

"जमलं नाही म्हणून काय झालं? जेवढं आहे तेवढं धाड की. त्या आत्याचं काय झालं ते कळाल्याशिवाय मला झोप यायची नाही."

पाठवायला दीड पान होतं. रात्री अकराला पाठवलं. त्या आठवड्यात वही बंद पडणार होती हे मला आतून माहीत होतं, ती पडली नाही.

घरात असं कुणी नसेल तर हिवाळ्यातल्या ग्रामीण साहित्य संमेलनांना जा : कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर. तिथं मांडवात तुमच्यासारखे तिघं-चौघं नक्की भेटतात. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी सोप्यात बसून प्रत्येकानं पाच पानं मोठ्यानं वाचायची, एवढं ठरवा. मोठ्यानं वाचताना कुठं जीभ अडते तिथं पेन्सिलीनं खूण करा. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच मजकूर मागवतात. कादंबरीतला एखादा प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून उभा राहत असेल तर तो पाठवा. दुसऱ्यानं घातलेली मुदत कामाला येते.

जपून ठेवणं

दर रविवारी आठवड्याच्या पानांचे फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. कौलातून गळणारं पाणी वही ओळखत नाही. टाइप करायचं तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांची खिचडी होते. मोबाइलवर बोलून टाइप करता येतं आणि वेळ पुष्कळ वाचतो, पण आपली बोली त्याला नीट समजत नाही, 'केलो'चं तो परस्पर 'केलं' करतो. संवाद हातानं टाइप करा.

वही भरल्यावर

दोनशेवं पान झालं की वही ट्रंकेत टाका आणि तीन आठवडे तिला हात लावू नका. मग दोन दिवसांत सगळी वाचून काढा, हातात पेन न घेता. तिसऱ्या दिवशी एका कागदावर लिहा : कुठं कंटाळा आला, कुठं पात्र खोटं वाटलं, काय राहून गेलं. दुसरा खर्डा त्या कागदावरून करायचा. त्यालाही मुदत घाला. मला साडेतीन महिने लागले, रोज दोन पानांच्या हिशेबानं. तिसऱ्या वाचनात फक्त भाषा बघा, आणि शुद्धलेखनाचा जाणकार गाठायचा तो आत्ता. प्रकाशकाकडे पूर्ण हस्तलिखितच पाठवा. अर्ध्या कादंबरीवर तो काय निर्णय देणार?

हस्तलिखित पाठवल्यावर उत्तर यायला महिने जातात आणि त्या महिन्यांत माणूस फार खचतो. म्हणून टपालात टाकायच्या आदल्या दिवशीच दुसरी दोनशे पानी वही आणा आणि तिला आकडे घाला. पाच वर्षांत तीन कादंबऱ्या हे मी माझं ध्येय म्हणून पुठ्ठ्याच्या आत लिहिलंय. हातातली वही एकशे बाराव्या पानावर आहे. सध्या सुगी चालू आहे. काल रात्री मळणीवरून आल्यावर मी तीन ओळी लिहिल्या : आत्याच्या मुलीनं शाळेची फाटकी पिशवी शिवायला घेतली, इथपर्यंत आलो. कॅलेंडरवर दुधाच्या खाली '३ ओ.' आहे.